पाणी टेलला पोचेपर्यंत

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, कारण पहाटे साडेचारला उठून तिला ग्राउंडवर जायचं असतं. बारामतीला एका अकॅडमीत राहून ती पोलीस भरतीची तयारी करते. वय २१, उंची बापावर गेलेली, आवाज मात्र थेट माझ्या ताईचा. आधी इकडचं तिकडचं बोलली. तुळशीला ऊस मिळाला का, आवळे-चिंचा मिळाल्या का. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, एक सांगू? आईला सांगायचं नाही." मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मला अजून आली नाही. सोळा दिवस झाले वर." दूध उतू जाईल म्हणून एका हाताने गॅस बारीक करत मी पटकन विचारलं, "तसं काही नाही ना?"

ती गप्प झाली. मागे कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "नाही गं. तसं काही नाही." आणि जरा वेळाने, रागावून नाही, दमून: "मला वाटलं तू तरी दुसरं काहीतरी विचारशील."

दूध तापलं, निवलं, त्यावर साय धरली. मी ओट्यापाशीच उभी होते.

माझा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पाळी लांबली की गर्भ राहिलाय का, हे आधी बघावंच लागतं. पण ते बघायचं म्हणून मी विचारलंच नव्हतं. 'तसं' या शब्दात मी जे भरलं होतं ते तिला बरोबर ऐकू आलं होतं. हाच प्रश्न, याच शब्दात, मला माझ्या आत्याने विचारला होता तेव्हा मी १७ वर्षांची होते आणि बारावीच्या परीक्षेला महिना उरला होता. विहिरीकडच्या वाटेवर, डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन, माझ्याकडे न बघता आत्या म्हणाली होती, "तसं काही नाही ना गं?" मला 'तसं' म्हणजे काय ते कळायला शेवग्याच्या झाडापर्यंत चालावं लागलं, आणि कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न माझ्या तोंडून निघावा, तोही इतक्या सहज, जसा काही तो माझ्या ओठांवर ठेवलेलाच होता, ही गोष्ट मला रात्रभर छळत राहिली. आणि त्याहून जास्त ही, की 'दुसरं काहीतरी' म्हणजे नेमकं काय विचारायचं असतं हे मला त्या क्षणी सुचत नव्हतं.

आपल्याकडे पाळी वेळेवर न येण्याला शब्द तरी कसे आहेत बघा. पाळी चुकली. चुकली म्हटलं की चूक आली, आणि चूक आली की ती कुणाची हे शोधणं आलं. तारीख उलटली, म्हणजे काहीतरी पालथं पडलं. दिवस गेले, म्हणजे तर थेट निकालच. उशीर झालाय, वाट बघूया, अंगात काहीतरी वेगळं चाललं असेल, असं सरळ सांगणारा एक साधा शब्द आमच्या घरात मी ऐकला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझी पाळी अशीच लांबली. सासरी चार दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही अशी रीत होती, त्यामुळे माझी तारीख माझी एकटीची नव्हतीच, ती सगळ्या घराची होती. कुणी पोळ्या करायच्या, कुणी देवाजवळ दिवा लावायचा, हे तिच्यावरून ठरायचं. गौरी-गणपतीच्या आधी महिनाभर सासूबाई विचारायच्या, "तुझी कधी आहे?" आणि अडचण येतेय असं दिसलं तर मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यायच्या. डॉक्टरला विचारायची पद्धत नव्हती. आता वाटतं, विचारायला हवं होतं, कारण त्या गोळ्या प्रत्येकीला चालतात असं नाही. तर त्या खेपेला पस्तीस दिवस झाले, चाळीस झाले, आणि घरातलं वारं बदललं. मला जड उचलू देईनात. जेवताना लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकायची. नणंद उगाच हसायची. मीही मनातल्या मनात नावं ठेवायला लागले होते. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी दुपारी पाळी आली. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त उठून त्यांनी ताटं मांडायला घेतली, एक ताट बाजूला. ते वाढलेलं ताट घेऊन मी खोलीच्या दारात बसले तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाचं तरी काहीतरी हरवलंय.

पुढे दोन वर्षांनी कळलं की माझी थायरॉइड ग्रंथी मंद झाली होती. त्या सगळ्या काळात माझे केस मूठमूठ गळत होते, भर मे महिन्यात मला गोधडी लागायची, जिना चढताना पाय शिशाचे व्हायचे. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. रक्ताची एक साधी तपासणी आणि रोज सकाळी अनोशापोटी घ्यायची एक इवलीशी गोळी, एवढ्यावर माझी गाडी रुळावर आली. तो उशीर थायरॉइडचा होता आणि सगळं घर त्यात पाळणा बघत होतं.

तोच उशीर लग्नाआधी आला की घराला घाम फुटतो, लग्नानंतर आला की पेढ्यांची गोष्ट निघते. दोन्ही वेळा उशीर घरासाठी काय घेऊन येतोय एवढंच सगळे बघतात. जिला उशीर झालाय तिच्या अंगात काय चाललंय, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून पडल्या पडल्या मी 'पाळी' या शब्दाशीच खेळत बसले, आणि मला दादा आठवले. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडचं. कालवा वीरपासून निघतो, पुरंदर, बारामती करत आमच्याकडे येतो, आणि येईपर्यंत त्याचा जीव अर्धा झालेला असतो. आमच्यासारख्या गावांना 'टेलची गावं' म्हणतात. लहानपणी पाळी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पाण्याचाच. पाण्याची पाळी. "आपली पाळी कधी?" "परवा रात्री दोनला." मग दादा बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला जायचे. मला त्यांच्याबरोबर जायचा भारी नाद. चारीच्या कडेला पोत्यावर बसायचं, ओल्या मातीचा वास घ्यायचा, आणि लांबून सरसरत येणाऱ्या पाण्याची चाहूल लागते का ते ऐकायचं. कधी कधी पाळी ठरलेल्या दिवशी यायची नाही. चारी कोरडी, तळाच्या चिखलाच्या खपल्या उललेल्या. मी विचारायचे, "दादा, आज पाणी का नाही आलं?" दादा म्हणायचे, "आज नाही आलं म्हणजे तिकडं उशिरा सुटलं. एकदा सुटलं की पाणी वाटेत बसून राहत नाही."

अंधारात मी उठून बसले.

कारण बाईच्या अंगातली पाळी अगदी अशीच चालते, आणि हे मला शाळेत कुणी असं सांगितलं नव्हतं. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंतच्या काळाचे दोन तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात बीजकोशात एक बीज पिकतं. दुसऱ्यात, बीज सुटून गेल्यावर त्याच्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवते, त्याच्या आधारावर गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही तर ती गाठ साधारण १२ ते १४ दिवसांत सुकते, आधार निघतो, अस्तर सुटतं. ही आली पाळी. यातला दुसरा तुकडा बराचसा ठरलेला असतो. लांबतो-आखडतो तो पहिला. म्हणजे पाळी सोळा दिवस लांबली, तर ज्या सोळा दिवसांत आपण काळजी करत बसलो त्या दिवसांत सहसा काहीच बिघडलेलं नसतं. उशीर झालेला असतो त्याच्याही आधी, बीज सुटताना. किंवा त्या खेपेला ते सुटलेलंच नसतं. १९२० च्या दशकात जपानमधल्या निगाताचे डॉक्टर क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या दोघांनी एकमेकांच्या नकळत हीच गोष्ट शोधून काढली. तोपर्यंत सगळे मागच्या पाळीपासून पुढे मोजत होते. या दोघांनी पुढच्या पाळीपासून मागे मोजलं, आणि बीज केव्हा सुटतं याचा हिशोब लागला. ओगिनो शस्त्रक्रियेच्या वेळी बायकांचे बीजकोश डोळ्यांनी बघायचे आणि त्यांच्या तारखांशी ताडून पाहायचे. माझ्या दादांना निगाता माहीत नव्हतं. पण चारी कोरडी दिसली की धरणाकडे बघायचं, हे त्यांना कळत होतं.

आणि आपलं धरण कुठे? ते पिशवीत नाही, बीजकोशातही नाही. ते मेंदूच्या तळाशी आहे, हायपोथॅलॅमस नावाच्या बोराएवढ्या भागात. तिथून तास-दीड तासाने एक बारीक ठोका पडतो, त्या ठोक्याने पियुषिका ग्रंथी जागी होते, आणि तिचा निरोप बीजकोशाला पोचतो. अंगाला अन्न कमी पडलं, श्रम फार झाले, झोप मोडली, मनावर मोठा ताण आला, तर हे ठोके विरळ होतात. दार अर्धवट उघडतं. शरीर जणू म्हणतं, आत्ता घरातच दाणा कमी आहे, पाहुण्याची तयारी नंतर करू.

मग मला काय विचारायचं ते सुचलं. सकाळी सात वाजता, तिचं ग्राउंड संपायच्या वेळेला, मी फोन केला आणि म्हटलं, "रविवारी इकडे ये. आणि येताना आठवत ये, मागच्या महिन्यात काय काय झालं होतं."

ती आली. हडपसरला एसटीतून उतरली तेव्हा मला ती उन्हाने रापलेली आणि गालफडं बसलेली दिसली. आधी जेवायला वाढलं. दोन भाकरी, शेपूची भाजी, वर दही-भात, आणि तिने मान वर न करता खाल्लं. मग आम्ही भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढून जमिनीवर मांडलं आणि मागे मोजायला बसलो. तिची आधीची पाळी घटस्थापनेच्या पाच दिवस आधी सुरू झाली होती. तिची पाळी एरवी तीस दिवसांनी येते. नवरात्राआधी पाळी आटोपली म्हणून ती खूश होती, कारण तिला पूर्ण नऊ दिवस उपवास धरायचे होते. भरतीत नाव लागावं म्हणून देवीला बोलली होती. म्हणजे ज्या दिवसांत बीज पिकायचं, पाळीचा सहावा दिवस ते चौदावा दिवस, नेमके तेच तिचे उपवासाचे दिवस. खाणं काय, तर एक वेळ साबुदाण्याची खिचडी, मधे एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू. आणि रोज पहाटे पाच किलोमीटर पळणं, आठवड्यातून दोनदा टेकडी, संध्याकाळी गोळाफेक आणि जोर. त्यात तिच्या सरांनी सांगितलेलं, वजन दोन किलो उतरलं तर टायमिंग सुधारेल. वजन तीन किलो उतरलं. आठशे मीटरचं टायमिंगही सुधारलं. ते सांगताना तिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला नाकारता येईना. मीही नवरात्र धरते. उपवासाने मन कसं हलकं होतं हे मला माहीत आहे. पण मी नऊ दिवस सोफ्यावर बसून माळ ओढते, ही पोरगी त्याच पोटावर टेकडी चढत होती.

"दिवाळीत आली नाही तेव्हा मला बरंच वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, लक्ष्मीपूजनाला अडचण नको. देवीनेच सांभाळलं." भाऊबीज झाली तरी आली नाही तेव्हा बरं वाटणं थांबलं. मग रात्री पोट दाबून बघणं, दर दोन तासांनी बाथरूममध्ये जाऊन बघणं. खोलीतली एक मुलगी म्हणाली, तुला पीसीओडी असणार, बीजकोशाचा आजार, मूल होत नाही मग. दुसरीने पपई खायला सांगितलं. तिसरी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्याला भिऊन तिने मला फोन केला होता. आणि मी काय विचारलं होतं!

सोमवारी मी तिला आमच्या भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर भाचीनेच सांगितलं की आत त्यांनी तोच प्रश्न विचारला. पण असा: "हा प्रश्न मी इथे येणाऱ्या प्रत्येकीला विचारते, कारण त्यावरून पुढचं ठरतं. उत्तर काहीही असलं तरी ते या खोलीत राहील आणि मी तुला मदत करेन." मग लघवीची तपासणी. एकच रेघ उमटली. मला हे ऐकून माझी लाज वाटली आणि हेवाही वाटला. आत्याने मला असं विचारलं असतं तर! उत्तर 'हो' असतं तरी त्या मुलीला धाकाने दारं लावून बसवण्यापेक्षा वेळेवर डॉक्टरकडे पोचवणंच महत्त्वाचं असतं. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न न झालेल्या मुलीलाही त्याचा आधार आहे, आणि त्यात आठवडे मोजले जातात. भीतीने गप्प बसलेल्या मुलीचे तेच आठवडे निघून जातात.

डॉक्टरीणबाईंचा दुसरा प्रश्न ऐकायला मी आत होते. त्यांनी भाचीच्या गुडघ्याखाली बोट ठेवून विचारलं, "पळताना नडगी दुखते का?"

भाची चमकून माझ्याकडे बघायला लागली. दुखत होती. दसऱ्यापासून दुखत होती, ती पट्टी बांधून पळत होती आणि हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी लांबते, तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरकही कमी होतं, आणि ते हाडांना लागतं. असंच महिनोन् महिने चाललं तर पळणाऱ्या मुलींच्या नडगीला बारीक चिरा पडतात. "पाळी लांबली की मुली म्हणतात बरं झालं, कटकट गेली. पण ती आधी कळवते गं. हाड नंतर कळवतं." त्यांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. पीसीओडीचं नाव काढल्यावर त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, ते निदान एका चुकलेल्या पाळीवर होत नाही. पाळी वारंवार लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा, आणि सोनोग्राफीत बीजकोशावर दिसणारे पुष्कळ बारीक फुगे, यांपैकी निदान दोन गोष्टी लागतात, आणि इतर आजार नाहीत हे बघावं लागतं. नुसते फुगे तर तरुण मुलींत सहज दिसतात. आणि झालाच, तरी मूल होत नाही असं नाही. २१ ते ३५ दिवसांत कधीही येणारी पाळी नेहमीचीच समजायची, एखादी इकडे-तिकडे झाली तर घाबरायचं नाही, पण नियमित येणारी पाळी तीन महिने बंद राहिली तर वाट बघत बसायचं नाही. औषध म्हणून त्यांनी कागदावर एवढंच लिहिलं: रोज सकाळी पळण्याआधी काहीतरी खाणे. पळून आल्यावर अर्ध्या तासात पुन्हा खाणे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. नडगीसाठी तीन आठवडे पळणे बंद. शेवटच्या ओळीवर भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. भरती तोंडावर होती.

येताना रिक्षात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिला आजीची गोष्ट सांगितली, ती तिने ऐकलेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळेल ती सुकडी. आजी सांगायची, त्या साली कामावरच्या कितीतरी बायकांना पाळीच आली नाही. आधी कुजबुज झाली, कुणाकुणाकडे वाईट नजरेनं बघितलं गेलं, मग एकेकीला कळलं की सगळ्यांचंच तसं आहे, आणि कुजबुज थांबली. मी आजीला विचारलं होतं, तुम्हाला भीती नाही वाटली? ती बिनदाताच्या तोंडाने म्हणाली होती, "आंगातच न्हवतं, तर भाईर कुठनं यील?" खूप पुढे मी वाचलं की १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या बायकांचंही हेच झालं होतं. महायुद्धातल्या त्या उपासमारीची नोंद डॉक्टरांनी ठेवली. आमच्या खडीच्या कामावरची नोंद आजीच्या त्या एका वाक्यात आहे. पाऊस झाला, पोटाला मिळायला लागलं, आणि बायकांच्या पाळ्या परत आल्या, असंही आजी सांगायची. पुढच्या साली तिला माझा धाकटा काका झाला.

"पण आजीला दुसरा इलाज नव्हता," भाची म्हणाली. "मी तर स्वतःहूनच केलं." यावर मला काही बोलता आलं नाही. एका घरात तीन पिढ्यांच्या अंतराने एकीला दुष्काळाने उपाशी ठेवलं आणि एकीला नोकरीच्या आशेने, असं मनात आलं, पण ते तिला सांगायचं नव्हतं. स्टॉपजवळ तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. तिने एसटीत बसायच्या आधीच पुडा फोडला.

तिच्या फोननंतर नवव्या दिवशी तिची पाळी आली. रिपोर्ट आले होते, थायरॉइड ठीक होतं, हिमोग्लोबिन कमी. मी पुन्हा कॅलेंडर घेतलं आणि मागे चौदा दिवस मोजले, तर बोट भाऊबीजेनंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवसावर येऊन थांबलं. दिवाळीत ती सहा दिवस घरी होती. सहा दिवस पळणं नाही, ताईच्या हातचं जेवण, चकल्या, करंज्या, दुपारी आजोबांच्या खाटेवर ताणून झोपणं. म्हणजे बहुधा तिथेच दार उघडलं होतं. ती मला फोन करून "अजून आली नाही" म्हणाली, मी "तसं काही नाही ना" म्हणाले, तेव्हा पाणी धरणातून सुटून वाटेला लागलेलं होतं. फक्त टेलला पोचायचं होतं.

हे मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप वेळाने मोकळी हसली. नडगीची पट्टी सुटली नव्हती, तिसरा आठवडा चालू होता, ती ग्राउंडच्या कडेला बसून इतरांचं टायमिंग लिहून घेत होती. रोज सकाळी दोन अंडी आणि चपाती खाते म्हणाली. उन्हाळ्यात भरती निघेल असं ऐकलं होतं, तोपर्यंत होईल म्हणाली. होईल की नाही मला माहीत नाही. मी हो म्हटलं.

मग अचानक तिने विचारलं, "मावशी, कॅलेंडरवर तुझीही खूण होती ना गं? पेन्सिलचा बारीक गोल. तुझी ऑक्टोबरनंतर दिसलीच नाही मला."

मी ४६ वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून माझी पाळी कधी २४ दिवसांनी येते, कधी ५० उलटतात. या खेपेला ५७ दिवस झाले होते. मी घरातच तपासणीची पट्टी आणून बघितली होती, एक रेघ. या वयात असंच होतं, बीजकोश थकत येतात, ठोके पडतात पण पिकणारं बीज दर महिन्याला मिळत नाही, आणि सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली असं धरतात, हे सगळं मला पाठ आहे. आईचीही याच वयात गेली. मी कुणाला काही बोलले नव्हते. नवऱ्याला, ताईला, कुणालाच. आमच्या घरात माझ्या तारखेची आता कुणाला गरज नाही. लोणच्याची बरणी कुणी सरकवत नाही, गौरीच्या आधी कुणी विचारत नाही. मला वाटलं होतं त्याने मला मोकळं वाटेल. वाटतंही. आणि तरी रात्री घामाने जाग येते तेव्हा मी अंधारात पडल्या पडल्या उगाच दिवस मोजते.

"वयच झालं गं आता," मी म्हटलं.

"ते ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या मागे शिट्टी वाजली, कुणीतरी ओरडलं, ती उठली नाही. "पण मागच्या महिन्यात तुला काय काय झालं होतं?"

मी भिंतीवरून कालनिर्णय काढलं, चष्मा शोधला, आणि फोन खांद्याशी धरून जमिनीवर बसले. "थांब," मी म्हटलं, "कोजागिरीपासून सांगते."